बाबा रे, तुला काय काय येतं?

मंडळी, आपला कोड कोणाच्या मशिनवर जाऊन पडणार हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला कधीच ठाऊक नसतं. त्यात डेबियनसारखे लिनक्सवाले एकदाच कंपाइल करणार आणि तेच पॅकेज सगळ्यांना वाटणार. नव्या प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन्स सरसकट वापरल्या तर जुन्या मशिनवर प्रोग्राम आडवा होतो. नाही वापरल्या तर नव्या मशिनवाल्याचे पैसे पाण्यात. मग चालता चालता प्रोसेसरलाच विचारायचं, बाबा रे, तुला काय काय येतं?

पूर्वी असं विचारायचीही सोय नव्हती. ३८६ आहे की ४८६ हे ओळखायला फ्लॅग रजिस्टरमधला १८ क्रमांकाचा बिट उलटा करून बघायचा. झाला तर ४८६, हट्टाने तसाच राहिला तर ३८६. १९९३ मध्ये पेंटियमबरोबर सीपीयूआयडी नावाची इन्स्ट्रक्शन आली (नंतरच्या काही ४८६ मध्येही ती होती). आता ती आहे की नाही हे कसं कळणार? तर २१ क्रमांकाचा बिट उलटा करून! तिला ० दिला की कंपनीचं नाव मिळतं, १ दिला की एमएमएक्स, एसएसई वगैरे काय काय येतं त्याचे बिट. माझं मत विचाराल तर नावाच्या भानगडीत पडूच नये, कसब तेवढं विचारावं.

पण दर वेळी विचारत बसलं तर वेळ खातं. म्हणून ग्नूच्या सी लायब्ररीत २०१० च्या आसपास आयफंक आलं. एका फंक्शनचे अनेक अवतार ठेवायचे, आणि लायब्ररी लोड होतानाच एका छोट्या रिझॉल्व्हरने प्रोसेसर बघून त्यातला एक नेमायचा. नंतर विचारणं नाही. छानच आहे की! फक्त हा रिझॉल्व्हर मेन फंक्शनच्याही आधी चालतो, आणि तिकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

कोणी नाही म्हणजे, एक जण बघत होता. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या तिच्या ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा होता आणि तो नेमका इथेच बसवलेला. सीआरसी काढायचं कुठलं फंक्शन नेमायचं हे ठरवणारा रिझॉल्व्हर प्रोसेसरची चौकशी करायला म्हणून जे फंक्शन हाक मारून बोलवायचा, तेच बदललेलं. खऱ्या नावाच्या सुरुवातीला दोन अंडरस्कोर, खोट्याच्या एकच! डेबियन वगैरेंच्या एसएसएच सर्व्हरमध्ये ही लायब्ररी सिस्टमडीच्या मागून शिरायची. तिथे सह्या तपासणारं फंक्शन बदलून टाकायचं आणि ज्याच्याकडे किल्ली त्याला आत घ्यायचं, असा बेत.

पकडलं कसं? आन्द्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेसचा डेव्हलपर. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून तो मागे लागला, आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळं जाहीर केलं. अर्धा सेकंद हो! आपण तेवढ्यात चहाचा कपसुद्धा उचलत नाही.

गंमत पुढेच आहे. मूळ कर्ता लासे कॉलिन याने मे २०२४ च्या ५.६.२ आवृत्तीत चोरदरवाजा काढला, आयफंकही काढून टाकलं. आणि सोबत स्पष्ट लिहिलं की आयफंक सुरक्षेसाठी काढलेलं नाही. या प्रोजेक्टमध्ये त्याने वेग वाढतो तो इतका किरकोळ, की त्यासाठी एवढी गुंतागुंत परवडत नाही.