तीन सेट, दहा रेप्स: हा हिशोब आला कुठून?



जिममध्ये पहिल्या दिवशी ट्रेनर काय सांगतो? "तीन सेट मार, दहा-दहाचे." गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओकडे गेलात, तर तिथेही बऱ्याचदा हाच आकडा कानावर पडतो. गंमत म्हणजे हा आकडा रुजवणारा माणूस बॉडीबिल्डर नव्हता. तो होता लष्करी हॉस्पिटलमधला एक तरुण डॉक्टर, आणि त्याच्यासमोर होते जखमी पायांचे सैनिक. आज त्याचीच गोष्ट ऐकूया.

त्याआधी थोडं मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात ह्यू ओवेन थॉमस नावाचे डॉक्टर होते. मांडीचं हाड मोडल्यावर लावतात तो 'थॉमस स्प्लिंट' यांच्याच नावाचा. त्यांचा भर होता विश्रांतीवर. दुखावलेला भाग हलू द्यायचा नाही, आणि घाई तर अजिबात करायची नाही. हाड जुळायला हे ठीकच होतं. अडचण यायची ती हाड जुळल्यानंतर.

प्लास्टर काढल्यावर पाय कसा दिसतो, पाहिलंय कधी? काडीसारखा! हाड जुळत असतं तेव्हाच स्नायू झिजत असतो. गुडघा दुखावला की मांडीचा पुढचा स्नायू, ज्याला जिममध्ये 'क्वाड्स' म्हणतात, तो तर फार पटकन वाळतो. मग जिना उतरताना गुडघा दगा देतो. माणूस घाबरतो आणि त्या पायावर भार टाकायचंच टाळतो. वापर कमी झाला की स्नायू आणखी वाळतो. म्हणजे एक्स-रे म्हणतो 'सगळं ठीक', पण माणूस मात्र लंगडतोच.

आता येऊया 1944 सालात. दुसरं महायुद्ध जोरात सुरू आहे. अमेरिकेत शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये असे कितीतरी सैनिक आहेत. कुणाचा गुडघा गेलाय, कुणाचं मांडीचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालंय, पण ताकद परत येत नाही. तेव्हाची पद्धत म्हणजे हलका व्यायाम, तोही खूप वेळा. सायकलचं पायडल मारत राहायचं, अगदी थोड्या वजनावर पाय हलवत राहायचा. महिनोन् महिने जायचे आणि खाटा काही रिकाम्या व्हायच्या नाहीत.

तिथे थॉमस डेलॉर्म नावाचे डॉक्टर आले. वय अवघं सत्तावीसच्या आसपास. लहान वयात त्यांना संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर झाला होता आणि त्यांनी बराच काळ अंथरुणात काढला होता. त्यानंतर वजनं उचलून उचलून त्यांनी स्वतःचं शरीर पुन्हा उभं केलं होतं. त्यामुळे त्यांच्या मनात साधा प्रश्न आला: जे मला लागू पडलं, ते या पोरांना का नाही?

पण जखमी पायावर जड वजन टाकायचं, हे तेव्हा उरफाटंच वाटायचं. डेलॉर्म यांनी बेत सोपा ठेवला. पेशंटच्या पायात लोखंडी तळव्याचा बूट बांधायचा. त्यात आडवा दांडा, आणि दांड्याला वजनाच्या चकत्या. पेशंटने टेबलाच्या कडेवर बसायचं आणि गुडघा हळूहळू सरळ करायचा. बस्स.

खरी कमाल मात्र बुटात नव्हती, ती मोजमापात होती. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येतं, अकराव्यांदा नाही, ते त्या माणसाचं माप. दर आठवड्याला ते पुन्हा तपासायचं. ताकद वाढली की वजन वाढवायचं. म्हणजे औषधाचा डोस ठरवावा, तसा व्यायामाचा डोस!

1945 मध्ये त्यांनी आपले अनुभव शोधनिबंधात मांडले. मुद्दा स्पष्ट होता. जास्त वजन आणि कमी आवर्तनं यांनी ताकद वाढते. हलकं वजन आणि खूप आवर्तनं यांनी दम वाढतो. एकाचं काम दुसरा करू शकत नाही. ताकद गेलेल्या पायाला नुसतं सायकलवर बसवून ती परत का येत नव्हती, याचं उत्तर इथे होतं.

सुरुवातीला ते एका बैठकीत 70 ते 100 आवर्तनं करून घ्यायचे. पुढे आर्थर वॉटकिन्स यांच्यासोबत काम करताना लक्षात आलं, की इतकी गरजच नाही. 1948 मध्ये त्यांनी नवा हिशोब मांडला: दहाचे तीन सेट. पहिला आपल्या मापाच्या निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. समजा तुमचं माप 12 किलो आहे, तर 6, मग 9, मग 12. आपले ते 'तीन सेट' हेच! पद्धतीचं नावही बदललं. 'हेवी' जाऊन 'प्रोग्रेसिव्ह' आलं, म्हणजे टप्प्याटप्प्याने वाढत जाणारं.

बरं, हे फक्त मांडीपुरतंच खरं आहे का? नाही. स्वीडनमधल्या उमेओ शहरातले हाड-तज्ज्ञ हाकान आल्फ्रेडसन स्वतः टाचेमागच्या दुखण्याने बेजार होते. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड कंडरा, म्हणजे अकिलीस टेंडन, बरी होईना आणि ऑपरेशनही मिळेना. तेव्हा वैतागून त्यांनी ती मुद्दाम बिघडवायचं ठरवलं. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडायची, पुन्हा पुन्हा, दुखलं तरी. झालं भलतंच: दुखणं कमी झालं! 1998 मध्ये त्यांनी 15 हौशी खेळाडूंवर बारा आठवडे केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. दिवसाला 180 आवर्तनं, आणि दुखणं कमी झालं की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन. ते पंधराही जण पुन्हा धावायला लागले.

म्हणून मंडळी, प्लास्टर निघालं म्हणजे उपचार संपला, असं समजू नका. विश्रांतीने जखम भरते, पण गेलेली ताकद नुसत्या विश्रांतीने परत येत नाही. मात्र हे ऐकून उद्याच वजन बांधून बसू नका हं! किती आणि कधीपासून, ते तुमच्या डॉक्टरांना आणि फिजिओंना ठरवू द्या. डेलॉर्मसुद्धा आधी मोजायचे, मगच वाढवायचे.

घरात कुणी 'आता पाय जपूनच ठेवायचा' म्हणत महिनोन् महिने बसून असेल, तर हा भाग त्यांना नक्की ऐकवा. भेटूया पुढच्या भागात!