डाख, तांबं आणि नळ
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे वडील कल्हईवाले होते. खाडीकाठच्या आमच्या गावात आणि आसपासच्या पाच-सहा वाड्यांत ते भाता आणि कथलाची कांडी घेऊन फिरत. सुटीच्या दिवशी भाता मारायला मी असे. तांब्याचं पातेलं निखाऱ्यावर तापलं की ते नवसागराची चिमूट टाकत, पांढरा धूर उठे, मग कथील टेकवायचं आणि कापसाचा बोळा गरकन फिरवायचा. क्षणात आतली बाजू चांदीसारखी. नवसागर धातूवरची मळी खातो आणि मळी गेल्याशिवाय कथील तांब्याला धरत नाही, हे मी शाळेत नाही, भात्यापाशी शिकलो.

नळांविषयी बोलायचं तर कल्हईची आठवण कशाला, असं कुणी विचारील. पण विलायतेतल्या घरांत तांब्याचे नळ जोडण्याची रीत ही कल्हईचीच धाकटी बहीण आहे. नळाचं टोक घासून लख्ख करायचं, मळी खाणारं मलम लावायचं, ते दुसऱ्या तुकड्याच्या गळ्यात सरकवायचं, बाहेरून ज्योत द्यायची आणि सांध्याला कथलाची तार टेकवायची. वितळलेलं कथील दोन धातूंमधल्या केसाएवढ्या फटीत आपसूक शोषलं जातं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं ते वरही चढतं. याला आपण डाख म्हणतो. माझा भाचा वीसेक वर्षं इंग्लंडात, लँकेशायरमध्ये, नळ आणि घर गरम ठेवण्याच्या यंत्रणा बसवण्याचं काम करतो. २०१९ च्या जानेवारीत मी त्याच्याकडे गेलो आणि त्याच्याबरोबर कामावर गेलो, तेव्हा त्याच्या हातात ज्योत नव्हती. बॅटरीवर चालणारं, खेकड्याच्या नांगीसारखं जबडा असलेलं एक यंत्र होतं.

ही नांगी तिथपर्यंत कशी आली, ती कथा जुनी आहे. इजिप्तमध्ये अबुसीर इथे साहुरे राजाच्या पिरॅमिडलगतच्या मंदिरात ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्याचे नळ सापडले. ते साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. पुढे रोमनांनी शिसं पत्करलं. शिशाला लॅटिनमध्ये प्लुंबुम म्हणतात, प्लंबर हा शब्द तिथूनच आला. रोमन वास्तुविशारद व्हित्रुव्हियस मात्र दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून गेला होता की मातीच्या नळातलं पाणी शिशाच्या नळातल्यापेक्षा आरोग्याला चांगलं. शिशाचं काम करणाऱ्या कारागिरांचे फिकुटलेले चेहरे बघा, असा त्याचा दाखला. मातीच्या नळाचा आणखी एक गुण त्यानं नोंदवला होता, तो म्हणजे बिघाड झाला तर कुणालाही दुरुस्त करता येतो. आपल्याकडे मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणी आणलं त्या नहरीतही मातीचे नळ होते. युरोपनं व्हित्रुव्हियसचं ऐकलं नाही. तिथं घराघरांत शिशाचे नळ विसाव्या शतकातही बसत राहिले.

त्यांची जागा तांब्यानं घेतली ती मुख्यतः दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. पातळ भिंतीचा नळ आणि डाखानं जोडायचे तयार सांधे बाजारात आले आणि तांब्याचं राज्य सुरू झालं. तांबं गंजून सडत नाही, उकळत्या पाण्याला डरत नाही, चाळीस-पन्नास वर्षं सहज टिकतं. पण डाखाच्या कथलात शिसं मिसळलेलं असे, ते पिण्याच्या पाण्यात उतरे. अमेरिकेनं पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी १९८६ साली त्यावर बंदी घातली. ब्रिटननंही त्याच दशकात तेच केलं. नव्या शिसेविरहित कथलाला जास्त उष्णता लागते. ज्योत मोठी झाली.

ज्योतीचं भय काही काल्पनिक नाही. इंग्लंडच्या दक्षिणेकडे अपपार्क नावाची सतराव्या शतकातली हवेली आहे. ३० ऑगस्ट १९८९ रोजी तिच्या छपरावर शिशाचा पत्रा जोडताना कामगाराच्या ज्योतीनं आग लागली आणि वरचे मजले जळून गेले. ते नळाचं काम नव्हतं, पण ज्योत तीच.

दुसऱ्या बाजूनं प्लास्टिक येत होतं. पॉलिथिलीन हा पदार्थ १९३३ साली इंग्लंडातल्याच एका प्रयोगशाळेत निघाला, तोही अपघातानं. गरम पाण्याला तो मऊ पडे. १९५२ साली आर्थर चार्ल्सबी या शास्त्रज्ञानं दाखवलं की किरणोत्सर्गाचा मारा केला तर त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना आडव्या टाक्यांनी जोडल्या जातात, आणि मग तो वितळत नाही. सुटे धागे आणि विणलेलं कापड यांत फरक असतो, तसाच हा फरक. साठच्या दशकाच्या अखेरीला जर्मनीत टॉमस एंगेल यांनी तेच रासायनिक रीतीनं साधलं आणि सत्तरच्या दशकात स्वीडनमध्ये त्याचे नळ बनू लागले. जमिनीखाली वेटोळी अंथरून त्यांत कोमट पाणी फिरवायचं, फरशीच गरम ठेवायची, अशी घरं जर्मनीत बांधली गेली.

आणि मग बॉयलर, पंप गंजू लागले. आत काळा चिखल साचू लागला. पाणी बंदिस्त, बाहेरची हवा लागत नाही, तरी लोखंड गंजतं कसं? कारण साधं होतं. प्लास्टिकची भिंत पाणी अडवते, प्राणवायू अडवत नाही. तो हळूहळू झिरपून आत जात होता. यावरून जर्मन मानकच ठरलं की चाळीस अंशांच्या पाण्यात, घनमीटरमागे, दिवसाला एक दशांश ग्रॅमपेक्षा जास्त प्राणवायू शिरता कामा नये. याचा एक उपाय म्हणजे प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ थर. हाच संमिश्र, म्हणजे कंपोझिट, नळ.

त्या एका थरानं तीन कामं झाली. प्राणवायू अडला. नळ हातानं वाकवला तर वाकलेलाच राहू लागला. आणि तिसरं, मला सगळ्यांत आवडलेलं: त्याचं लांबणं आवरलं गेलं. दहा मीटर नळातलं पाणी पन्नास अंशांनी तापलं तर तांबं जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर लांबतं. निव्वळ प्लास्टिक सात ते दहा सेंटिमीटर, म्हणजे ते तक्तपोशीखाली सापासारखं वळवळणारच. संमिश्र नळ बारा-तेरा मिलिमीटर. सांधा ज्योतीविना. नळाच्या आत पितळी बोंडी जाते, तिच्यावर रबरी कडी असतात, बाहेरून पोलादी बांगडी, आणि जबडा ती बांगडी काही सेकंदांत आवळतो. झालं. त्यात २००३ साली टनाला सरासरी अठराशे डॉलरच्या आत असलेलं तांबं मे २००६ मध्ये आठ हजारांच्या वर गेलं, तेव्हा ज्यांचं मन तयार नव्हतं त्यांचाही हिशेब बदलला.

भाच्याचं त्या दिवशीचं गिऱ्हाईक म्हणजे भरूचकडचे एक वृद्ध गृहस्थ, आयुष्य कापडगिरणीत गेलेले. घर विटांचं, एकाला एक चिकटलेल्या रांगेतलं, सव्वाशे वर्षांचं. खाली लाकडाच्या तुळया, वर तक्तपोशी, आणि मध्ये शतकभराची सुकी धूळ. बॉयलर नवा, नळ नवे. "प्लास्टिक? उकळत्या पाण्याला?" त्यांनी विचारलं. त्यांची सगळी पुंजी त्या घरात होती, त्यामुळे प्रश्न हलका नव्हता. भाच्यानं त्यांना फळीखाली बॅटरी मारून ती धूळ दाखवली. म्हणाला, "चाचा, इथे मी ज्योत नेणार नाही. आणि तांब्याला प्रत्येक वळणाला सांधा. हे वेटोळं तुळयांच्या भोकांतून एका दमात ओवीन. फळीखाली एकही सांधा नाही." सुटे जोड तांब्याच्या जोडांहून महाग आहेत आणि वाचतात ती माणसाची मजुरी, हेही त्यानं लपवलं नाही.

मला तो पटला, पण पूर्ण नाही. प्लास्टिकचा पूर्वेतिहास काही धुतल्या तांदळासारखा नाही. अमेरिकेत पॉलिब्युटिलीनचे नळ लाखो घरांत फुटले आणि १९९५ च्या तडजोडीत सुमारे ९५ कोटी डॉलर बाजूला ठेवावे लागले. तो पदार्थ वेगळा, मान्य. पण विकताना तोही पन्नास वर्षांचाच म्हणून विकला जात होता. संमिश्र नळात आतून बोंडी घालावी लागते, तेवढा पाण्याचा मार्ग अरुंद होतो. कापल्यावर नळाचं तोंड गोल करून कड घासली नाही तर रबरी कडं कापलं जातं. आणि सगळ्यांत मोठी अडचण जबड्याची. प्रत्येक बनावटीचा जबडा निराळा. जेवताना भाच्यानंच कबूल केलं की सुरुवातीच्या काळात त्यानं एकदा एका बनावटीचा जोड दुसऱ्या बनावटीच्या जबड्यानं आवळला. दाब देऊन तपासला तेव्हा टिकला. काही महिन्यांनी स्वयंपाकघराचं छत ओलं झालं. दुरुस्ती त्यानं पदरमोड करून दिली. तांब्याचा नळ चाळीस वर्षांनी कुठलाही कारागीर जोडील. या बनावटीचे जोड चाळीस वर्षांनी मिळतील का, हे कोण सांगणार? कुणालाही दुरुस्त करता यावं, हा व्हित्रुव्हियसचा निकष मला तिथं आठवला. तरीही त्या घरात, त्या फळ्यांखाली, मीही संमिश्र नळच निवडला असता.

आमच्या वडिलांचा धंदा स्टेनलेस स्टीलनं नेला. त्यांनी स्टीलला कधी शिव्या दिल्या नाहीत. आईनं पहिली स्टीलची परात आणली तेव्हा ती उलटीसुलटी करून बघितली आणि "हे बरं आहे, बायकांचे हात वाचतील," एवढंच म्हणाले. भाता माळ्यावर गेला.

संध्याकाळी बॉयलरपाशी पोचलो. बॉयलरला लागूनचा पहिला मीटरभर नळ धातूचाच ठेवायचा असतो, कारण तिथं उष्णता नळाला सोसेल त्यापलीकडे जाऊ शकते. भाच्यानं खोक्यातून तांब्याचा तुकडा काढला, घासला आणि मलमाचा डबा माझ्याकडे दिला. त्यावरच्या बारीक अक्षरांत अमोनियम क्लोराइड लिहिलं होतं. म्हणजे नवसागर. त्यानं भिंतीला ओलं फडकं लावलं, ज्योत पेटवली, सांधा तापू दिला आणि तारेचं वेटोळं माझ्या हातात दिलं.

"मामू, तुम्ही लावा."

मी तार टेकवली. कथील चमकलं आणि आत ओढलं गेलं.