समुद्राच्या तळाची कौलं

भूमध्य समुद्राच्या तळाशी घराची कौलं सापडतात. बुडालेल्या रोमन किंवा बायझंटाइन जहाजाच्या एका टोकाला त्यांचा ढीग आणि त्यातच स्वयंपाकाची मडकी दिसली, की पाणबुडे संशोधक ओळखतात: ही जहाजाची मागची बाजू, इथेच चूल.

तुर्कस्तानातल्या बोद्रुमजवळच्या यासीआदा बेटाशी बुडालेलं जहाज पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास यांनी १९६१ ते १९६४ या काळात उकरलं. नाण्यांवरून ते इ.स. ६२५-२६ च्या सुमाराचं ठरतं. लांबी जेमतेम वीस मीटर. मागच्या टोकाला मुदपाकखाना, त्यात कौलांचीच रचलेली चूल, तिच्यावर लोखंडी सळ्या, डोक्यावर कौलारू छप्पर. त्यातल्या एका कौलाला धूर जाण्यासाठी गोल भोक! धुराचं असं कौल ग्रीक घरांवरही असायचं. म्हणूनच माझा हट्ट आहे की जहाजाची चूल सुताराने नव्हे, गवंड्याने मांडली. डांबर माखलेल्या लाकडात विस्तव कसा सांभाळायचा, हे त्याने घर शाकारताना आधीच सोडवलं होतं.

काही म्हणतील, कौलं हा माल असेल. काही जहाजं कौलं वाहत, हे खरंच. पण माल असता तर तळघर भरलं असतं. मूठभर कौलं मडक्यांसोबत मागच्या टोकाला कशी येतील? दुसरा पक्ष शेगडीचा: जहाजात चुलीवर नव्हे, शेगडीवर रांधत. स्पंज काढणाऱ्यांच्या जाळ्यांत मातीच्या शेगड्या आल्या आहेत. येवोत बापड्या! शेगडी उचलून किनाऱ्यावरही नेता येते, तिच्यावरून जहाजात रांधत होते हे सिद्ध होत नाही.

जहाजावर अशी कौलांची चूल येण्याआधी बहुतेक किनाऱ्यावरच रांधत. इ.स.पू. ४२७ मध्ये मितिलिनीकडे घाईने निघालेल्या अथेन्सच्या वल्हेकऱ्यांनी दारू-तेलात कालवलेलं जवाचं पीठ वल्ही मारता मारताच खाल्लं. ते नवल वाटलं म्हणून ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने नोंदवलं. इ.स.पू. ४०५ मध्ये ईगोस्पोटामीला जेवणासाठी पांगलेलं अथेन्सचं आरमार स्पार्टाच्या लायसँडरने आयतंच पकडलं. सायप्रसच्या किरेनियाजवळ सापडलेल्या, इ.स.पू. ३०० च्या आसपासच्या जहाजात चार माणसांची भांडी आणि जवळपास दहा हजार बदाम होते. चूल मात्र नव्हती.

मग कौलं जहाजावर कधी चढली? माझ्या मते इजिप्तचं धान्य रोमला जाऊ लागलं तेव्हा. तो प्रवास आठवडेच्या आठवडे चाले आणि नुसत्या बदामांवर खलाशी टिकत नाहीत.