थट्टेआडची वेदना

कडेगाव ज्या सांगली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील हरिपूरचे नाटककार गोविंद बल्लाळ देवल. त्यांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) मधील एक पद म्हणीसारखे रूढ झाले आहे. नवरदेव काही तितका वृद्ध नाही, वय जेमतेम पंचाहत्तर, असा त्याचा आशय. लग्नाळू म्हाताऱ्याची थट्टा म्हणून आपण ते उच्चारतो. मर्मज्ञ मात्र त्यात व्याजोक्ती पाहतात: वार्धक्य नाकारता नाकारता ते वयाचा आकडाच उघड करते. हसू ओसरल्यावर उरते ती लोभी पित्याने पैशासाठी वृद्धाला देऊ केलेली कोवळी शारदा. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक ‘शारदा कायदा’ म्हणू लागले. वस्तुतः ते नाव हरविलास सारडा यांच्यावरून आले; परंतु ही गल्लतच त्या थट्टेमागील वेदना समाजाला उमगल्याची साक्ष देते.