पेट्रोल कॉकचा अस्त

इंधन दाखवणारा काटा भारतातील अनेक जुन्या मोटरसायकलींवर नसेच. ते काम पेट्रोल कॉक करी. त्याची एक नळी टाकीत उंच उभी, दुसरे मुख तळालगत. पातळी नळीखाली उतरली की इंजिन आचके देई आणि स्वार चालत्या गाडीवरच कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरवी. वीज नाही, संवेदक नाही. सारा भार गुरुत्वाकर्षणावर!

१ एप्रिल २०२० पासून देशभर ‘बीएस-६’ मानके लागू झाली, कार्ब्युरेटर मागे पडला आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींवरून हा कॉकही गेला. आता टाकीत बुडालेला विद्युत पंप इंधन दाबाने पुढे धाडतो. त्याला थंड ठेवते ते भोवतालचे पेट्रोलच. टाकी कोरडी होईतो गाडी दामटण्याची जुनी सवय म्हणूनच या पंपाच्या मुळावर येते.