शिक्का, लेखणी आणि मर्यादा

एखादी गोष्ट कायमची ठरली की आपण म्हणतो, ‘शिक्कामोर्तब झाले.’ बोलण्यात हे दोन शब्द एकरूप झाले असले, तरी मराठी दफ्तरात ते वेगळे होते. शिक्का पत्राच्या माथ्यावर, मोर्तब मजकुराच्या शेवटी. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे होती. मजकूर इथे संपला, याखाली कोणी ओळ वाढवू नये, असा त्याचा अर्थ. हुकूम कोणाच्या नावाने निघाला हे शिक्का सांगे. तो कुठे थांबला हे मोर्तब. स्वतंत्र भारताच्या केंद्रीय कार्यकारी सत्तेची कथाही याच दोन प्रश्नांभोवती फिरते.

राज्यघटनेच्या ५३व्या कलमाने संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी ठेवली. ७४व्या कलमाने त्यांना साहाय्य व सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद दिली. मग खरी सत्ता कोणाची? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याचे उत्तर दिले होते. राष्ट्रपती राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतील, राज्य करणार नाहीत; राष्ट्राचे निर्णय ज्या मुद्रेने जाहीर होतात, त्या मुद्रेवरील चिन्हासारखे त्यांचे स्थान राहील, असा त्यांचा आशय होता.

नाव एकाचे आणि कारभार दुसऱ्याचा, हा प्रकार आपल्याला नवा नाही. पेशव्यांच्या शिक्क्यावर शाहू महाराजांचे नाव असे आणि पेशवा स्वतःला ‘मुख्य प्रधान’ म्हणवी. मात्र साताऱ्याची सत्ता पुण्याला गेली ती कर्तृत्वाने, रूढीने आणि बळाने. पेशव्याला जाब विचारणारी निवडून आलेली सभा नव्हती. ७५व्या कलमाने मंत्रिपरिषदेला लोकसभेपुढे सामूहिकरीत्या जबाबदार धरले, हा मोठा फरक.

तरीही एक फट राहिली होती. सल्ला बंधनकारक आहे, असे मूळ घटनेत स्पष्ट लिहिलेले नव्हते. १९५१ साली हिंदू संहिता विधेयकाच्या वेळी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेण्याची इच्छा पंतप्रधान नेहरूंना कळवली. नेहरूंनी महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत घेतले. राष्ट्रपतींनी मंत्र्यांच्या सल्ल्यानेच वागावे, असे दोघांनी सांगितले. राजेंद्रप्रसादांनी संघर्ष ओढवून घेतला नाही. पण १९६० साली दिल्लीत एका भाषणात या अधिकारांचा अभ्यास व्हावा, असे त्यांनी सुचवले.

राष्ट्रपती स्वतःच्या मनाने वागले तर काय, ही जुनी चिंता. संकट आले ते उलट बाजूने. २५ जून १९७५च्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधींच्या पत्रावरून राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या उद्घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. शिक्का आधी उमटला, सल्लामसलत मागून आली! पुढे १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींना सल्ल्याप्रमाणेच वागण्याचे बंधन घातले.

मोर्तब आले ते १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवलाच पाहिजे, असे ठरले. ‘अंतर्गत अशांतता’ हे मोघम कारण जाऊन तिथे ‘सशस्त्र उठाव’ आला. एका महिन्यात संसदेच्या दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मान्यता आवश्यक झाली. राष्ट्रपतींनाही सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार मिळाला.

यानंतरचा अध्याय आपल्या दारातला आहे. एप्रिल १९८९ मध्ये कर्नाटकात एस. आर. बोम्मई यांच्या सरकारचा पाठिंबा काढल्याची १९ आमदारांची पत्रे राज्यपालांकडे गेली. त्यांतल्या ७ जणांनी लगेच शब्द फिरवला. बोम्मई विधानसभेत बहुमत सिद्ध करायला तयार होते; ती संधी न देता २१ एप्रिलला ३५६व्या कलमाखाली राष्ट्रपती राजवट आली. सही राष्ट्रपतींची, निर्णय केंद्र सरकारचा. ११ मार्च १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ती उद्घोषणा घटनाबाह्य ठरवली. बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहात मोजावे. अशी उद्घोषणा न्यायालय तपासू शकते. संसदेची मान्यता मिळेपर्यंत विधानसभा बरखास्त करता येणार नाही, अशी बंधने या निकालाने घातली. बोम्मईंना गेलेले पद मिळाले नाही, पण पुढच्या राज्य सरकारांना संरक्षण मिळाले. १९९७ साली उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याचा सल्ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी परत पाठवला आणि मंत्रिमंडळाने तो सोडून दिला.

दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या घरांना हा इतिहास परका नाही. राज्याची सीमा बदलणारे विधेयक तिसऱ्या कलमानुसार राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून संसदेत येऊ शकत नाही, आणि ती शिफारसही अखेर मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होते. संबंधित विधिमंडळाचे मत विचारले जाते, पण ते बंधनकारक नसते. म्हणून दिल्लीच्या कागदावर सही कोणाची आहे, एवढेच पाहून आपले भागत नाही. लेखणी कोणी धरली, ती कोणाला विचारून चालली आणि कुठे थांबली, हेही पाहावे लागते. शिक्का राज्यकर्त्यांनी उमटवावा. मर्यादेवर लक्ष मात्र नागरिकांनी ठेवायचे असते.