विष बेडकाचं की जंगलाचं?

रीलमध्ये तुम्ही तो बेडूक नक्की पाहिला असेल. अंगठ्याएवढा, निळाशार नाहीतर पिवळाधमक, काचेच्या पेटीत शेवाळावर ऐटीत बसलेला. आणि खाली कॉमेंट ठरलेली: "अरे, हा तर माणूस मारतो ना? मग पाळतात कसा?" आज याच प्रश्नाचा इतिहास बघूया. नाव पॉयझन डार्ट फ्रॉग, गाव मध्य आणि दक्षिण अमेरिका.

सुरुवात कोलंबियातून. चार्ल्स स्टुअर्ट कॉक्रेन नावाचा ब्रिटिश नौदलाचा कॅप्टन १८२३-२४ मध्ये तिथे फिरला आणि १८२५ साली त्याचं प्रवासवर्णन छापून आलं. त्यात तो सांगतो, की तिथले शिकारी जंगलातून हे बेडूक पकडतात, पोकळ वेताच्या नळीत ठेवतात आणि विष लागेपर्यंत त्यांना नियमित खायला घालतात. म्हणजे बघा, काचेच्या पेट्या यायच्या कितीतरी आधी हे बेडूक पाळले जात होते. पाळणारे होते शिकारी.

हे विष फुंकनळीच्या बाणांना लावायचं. आता एक गैरसमज दूर करू. या कुळात सुमारे २०० जाती आहेत, पण बाणांसाठी वापरल्याची खात्रीशीर नोंद मिळते ती फक्त तीन जातींची. त्यातली सर्वांत जहाल जात म्हणजे सोनेरी 'फायलोबेट्स टेरिबिलिस'. चार्ल्स मायर्स, जॉन डेली आणि बोरिस माल्किन यांनी १९७८ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं. एंबेरा लोक जिवंत बेडकाच्या पाठीवर बाणाचं टोक नुसतं घासायचे, बस्स. त्या विषाचं नाव बॅट्राकोटॉक्सिन. आपल्या नसांमध्ये सोडियमची ये-जा करणारी सूक्ष्म दारं असतात. हे विष ती उघडीच ठेवतं, आणि मग स्नायू, हृदय सगळंच कोलमडतं.

आता खरी गंमत. डेली हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८० साली एक विचित्र गोष्ट मांडली. जंगलातून आणलेल्या बेडकांचं विष पिंजऱ्यात वर्षानुवर्षं टिकतं, पण त्यांची पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लं बिनविषारी निघतात! आईबाप तेच, रंग तोच, मग विष गेलं कुठे?

उत्तर मिळालं हवाई बेटांवर. १९३२ मध्ये डास खातील या आशेने पनामातले हिरवे-काळे बेडूक तिथे सोडले होते. साठ वर्षांनी त्यांच्या वंशजांची तपासणी झाली, तर त्यांच्या अंगातली विषं पनामातल्या भाऊबंदांपेक्षा काही प्रमाणात वेगळी. मग त्यांची पिल्लं घेऊन प्रयोग झाला. काहींना पेटीत फळमाश्या दिल्या, तर विष शून्य. काहींना बाहेरच्या पालापाचोळ्यातले किडे दिले, तर अंगात विष हजर! म्हणजे हे बेडूक विष बनवत नाहीत. मुंग्या, भुंगेरे, बारीक माइट्स अशा किड्यांमधून ते साठवतात. विष असतं जंगलाचं, बेडूक फक्त तिजोरी.

म्हणूनच हा छंद शक्य झाला. पेटीतल्या बेडकांचं रोजचं जेवण म्हणजे न उडणाऱ्या फळमाश्या, आपण केळ्यांवर बघतो ती चिलटं. अशा खुरट्या पंखांच्या माश्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस हंट मॉर्गन यांच्या आनुवंशिकतेच्या प्रयोगशाळेत सापडल्या होत्या. तिथली माशी इथे ताटात आली! पेट्यांनी विज्ञानाला परतफेडही केली. १९८० मध्ये पीटर वायगोल्ट यांनी पाळलेल्या स्ट्रॉबेरी बेडकांची सविस्तर निरीक्षणं छापली. त्यांची मादी पाण्यातल्या पिल्लांना खाऊ म्हणून स्वतःची न फळलेली अंडी घालते.

पण या गोष्टीला काळी बाजूही आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात एक निळा डार्ट फ्रॉग मेला. त्याच्या कातडीत एक अनोळखी बुरशी सापडली आणि १९९९ मध्ये तिचं नामकरण झालं: 'बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस'. त्यातला दुसरा शब्द या बेडकांच्याच 'डेंड्रोबेट्स' नावावरून आलाय. जगभरात बेडकांच्या कित्येक जाती याच बुरशीने संपवल्या किंवा संपत आणल्या. आणि ती देशोदेशी पोचवण्यात प्राण्यांच्या व्यापाराचा मोठा हात आहे.

त्यात तस्करी. कोलंबियातला लेहमानचा बेडूक एवढ्याशा जंगलात राहतो आणि रंगापायी इतका पकडला गेला, की आज तो नामशेष होण्याच्या काठावर आहे. १९८७ पासून या बेडकांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या परवान्याखाली आला. तरी चोरवाट बंद झाली नाही.

मग नवख्याने काय करायचं? परदेशातले जाणकार सुरुवातीला टिंक्टोरियस, ल्युकोमेलास किंवा ऑराटस या धट्ट्याकट्ट्या जाती सुचवतात. बंदिस्त काचपेटी, पालापाचोळा, सतत दमट हवा, साधारण २२ ते २६ अंश तापमान, आणि फळमाश्यांवर कॅल्शियम-व्हिटॅमिनची पूड. ३० अंशांच्या आसपासची उष्णताही जिवावर बेतते. आपला एप्रिल-मे आठवा, म्हणजे इथे हे प्रकरण किती अवघड आहे ते कळेल. शिवाय भारतात वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतला परदेशी प्राणी बाळगायचा तर सरकारदरबारी नोंदणी लागते. "कागदबिगद नको, घेऊन जा" म्हणणारा विक्रेता दिसला, की तिथूनच मागे फिरा.

मंडळी, या सगळ्या इतिहासातून विकत घेणाऱ्याने विचारायचा एकच प्रश्न निघतो: हा बेडूक जन्मला कुठे? पेटीत जन्मला असेल, तर तो बिनविषारी आहे आणि त्याच्यासाठी जंगलातला एकही बेडूक कमी झालेला नाही. जंगलातून उचललेला असेल, तर त्याच्या कातडीत अजूनही तिथल्या मुंग्यांचं विष आहे, आणि तिकडे एक जागा रिकामी झालीय. दोघे दिसायला सारखेच. फरक फक्त कागदावर कळतो, म्हणून कागद बघा. आणि पाळायचा नसेल, तर रीलखाली ती ठरलेली कॉमेंट दिसली की हा भाग तिथे चिकटवा. भेटूया पुढच्या भागात!